प्रमिलाबाईंचा न आलेला रिपोर्ट

प्रमिला गावंडेबाईंबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा मला रागच येतो. कोणाचा, ते धड सांगता येत नाही. बाईंचा येतो, अमरावतीच्या डॉक्टरणीचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. चार वेळा वही उघडली आणि चारही वेळा मिटून कांदे चिरायला उठले. आज म्हटलं, राग आला तर येऊ दे, पण लिहून टाकायचं.

माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं वाचायला मी शिकले ते अकोल्यातल्या एका लॅबमध्ये, काचेच्या नळ्या धुता धुता. बाई तिथे टेक्निशियन होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची. पहिल्याच दिवशी त्यांनी नळ्यांचं स्टँड माझ्यापुढे सरकवलं.

"यावरचं नाव वाचता येते का वं तुले?"

मी म्हटलं, थोडंथोडं येतं.

"थोडंथोडं इथी चालत नाई, शांते. लेबल चुकलं तं मानूस बदलते. रामरावची साखर शामरावले गेली तं शामराव जिताजागता मरन."

त्या दिवसापासून चार वाजता काम आटोपलं की त्या जुनी लेबलं माझ्यापुढे टाकायच्या आणि वाचून घ्यायच्या. नाव, वय, तपासणी. अर्ध्या अकोल्याची आडनावं मी अशी शिकले, आणि रोगांची नावंसुद्धा. 'कोलेस्टेरॉल' हा शब्द मला 'कोजागिरी'च्या आधी लिहिता येऊ लागला, असं बाई सगळ्यांना सांगायच्या. तसं काही नव्हतं, पण त्यांना सांगायला आवडायचं.

ठेंगण्या, सावळ्या, आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही आपलीच खरडपट्टी चालली आहे असं वाटावं. पांढरा कोट कडक इस्त्रीचा, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. सुई टोचायच्या आधी पेशंटशी भांडायच्या. "काल काहून नाई आले? आज काहून उशिरा आले? घरी घड्याळ नाई का?" माणूस रागावला की शीर वर येते, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं-खोटं देव जाणे, पण एका माणसाला दुसऱ्यांदा टोचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आणि त्यांची खरी करामत पुढेच होती. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली की लाल भाग खाली बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी येतं. त्याला सीरम म्हणतात. नीट उपाशीपोटी आलेल्या माणसाचं सीरम स्वच्छ असतं. आदल्या रात्री तेल-तूप दाबून आलेल्याचं गढूळ असतं, कधी तर ताकासारखं पांढरं. हे लॅबमध्ये सगळ्यांनाच माहीत असतं. पण बाई नळी खिडकीकडे धरायच्या आणि ताटच वाचून दाखवायच्या. एकदा एक फौजदार आले होते, बायकोसोबत. बाईंनी नळी पाहिली.

"साहेब, रात्री मटन होतं."

"छे हो. मूग खिचडी खाऊन झोपलो."

बाईंनी नळी नुसती त्यांच्या बायकोपुढे धरली. बायको म्हणाली, "खिचडी मी खाल्ली. हे मित्राकडे गेले होते." लॅब हसली, फौजदारही हसले. बाई हसल्या नाहीत. लाल पेनाने लेबलवर काट मारली आणि म्हणाल्या, "उद्या या. रात्री खरंच खिचडी खाऊन या."

त्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "मले लेकरू हाये की एक." ते लेकरू म्हणजे मधू, त्यांचा धाकटा भाऊ. जन्मापासून बुद्धीने मागे राहिलेला. केस पिकले तरी चालणं-रुसणं सहा-सात वर्षांच्या मुलासारखं. बोलणं म्हणजे एका वेळी एक शब्द, फार तर दोन. ताटातल्या भाकरीचे त्याला सारखे चार तुकडे लागायचे. एक लहान झाला की तो ताट दूर सारायचा, आणि मग फक्त ताईच्याच हातून जेवायचा. आई-वडील गेल्यावर अकोल्याच्या घरात हे दोघंच राहिले. बाई रिटायर झाल्या, मीही काम सोडलं, पण एक दिवसाआड माझी चक्कर तिकडे असायचीच.

बाईंचं एक ठरलेलं होतं. अंजनगावला त्यांचा एक भाचा आहे, विलास. सरळ माणूस. त्याने कबूल केलं होतं की मावशीने घर नावावर करून दिलं तर तो बायको-मुलांना घेऊन अकोल्याला येईल आणि मधूमामाला शेवटपर्यंत सांभाळेल. बोलणं झालं होतं, फक्त कागद व्हायचा होता. आणि कागद पुढे ढकलला जात होता, कारण बाईंचा एक हिशोब जुळत नव्हता. तो त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितला.

"आत्ताच लिहून देलं अन् मले दहा वर्षं काई झालं नाई, तं मी माह्याच घरात पाहुनी. त्याच्या बायकोले विचारून चहा मांडा. अन् थांबली, अन् डोकंच गेलं, तं मंग माह्या सहीले कोन विचारते? मधूचं काय?"

डोकं जायची गोष्ट त्यांच्या तोंडी उगाच आली नव्हती. बाईंना लॅबची सवय होती, घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिहायच्या. दुधावर, लोणच्यावर, मधूच्या खोकल्याच्या बाटलीवर. एक दिवस मी त्यांचा फ्रिज उघडला, तर वरणाच्या तीन वाट्या. तिन्हींवर तीच तारीख, सकाळची. एकीवर साडेनऊ, दुसरीवर दहा, तिसरीवर सव्वादहा. मी विचारायच्या आत बाईच म्हणाल्या, "पायलं ना तू? मीबी पायलं."

डोळे न चुकवता बोलायच्या, हे मी त्यांचं कायम मानत आले. त्यांनीच अमरावतीच्या डॉक्टरणीचं नाव शोधून काढलं. अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. मधूला मागे कोणाजवळ ठेवता येत नसे, म्हणून आम्ही तिघं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, चांगल्या होत्या. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. त्यांनी बाईंकडून चित्रं काढून घेतली, शब्द पाठ करून घेतले, उलटे आकडे म्हणून घेतले. मग म्हणाल्या, "आजी, वयाच्या मानाने आठवण थोडी कमी झाली आहे."

"आजी कोनाले म्हनून रायली? बाई म्हन."

"बरं, बाई. पण हा अजून अल्झायमर नाही. अशा टप्प्यावर काही माणसं तिथंच राहतात, वर्षानुवर्षं. काहींचं पुढे जातं."

"मी कोन्या काहींतली?"

मॅडम म्हणाल्या, ते आज कोणालाच सांगता येत नाही. मग त्यांनी त्यांचं काम समजावलं. आपण कोलेस्टेरॉल म्हणतो तेवढीच चरबी रक्तात नसते, तिच्या शेकडो जाती असतात, आणि मेंदूसुद्धा बराचसा चरबीचाच बनलेला असतो. ज्यांचं विसरणं पुढे वाढतं त्यांच्या रक्तातल्या या चरबीचा मेळ आधीपासूनच वेगळा दिसतो का, हे त्या पाहत होत्या. विसरायला लागलेल्या पुष्कळ माणसांचं रक्त घ्यायचं, वर्षा-वर्षाने पुन्हा घ्यायचं, आणि कोणाचं काय झालं ते ताडून पाहायचं.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हंजे लिपिड. अवं, जनम गेला माह्या त्याच्यात." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर रंग आला. बाही वर करून विचारलं, "रिपोर्ट कदी?"

"रिपोर्ट मिळणार नाही, बाई. हे संशोधन आहे. पुष्कळ जणांचं मिळून काही निघेल. एकेकट्याला सांगण्याइतकं अजून हे पक्कं नाही."

"मंग मी काय पुष्कळ जन हाओ का?"

मॅडम हसल्या, पण बाई विनोद करत नव्हत्या. "पोरी, मी हजारो लोकायचं रक्त घेतलं. गरिबाचं, मंत्र्याचं, बाळंतिनीचं. घेतलं तं त्याच दिवशी चार वाजता हातात कागद देला. तुमचं इतकं, नॉर्मल इतकं. रक्त घ्याचं अन् कागद नाई द्याचा, हे कोन्या गावची रीत?"

मॅडमनी पुन्हा समजावलं. कागदावर सगळं लिहिलं होतं, सही करायची की नाही हे बाईंच्या मर्जीवर होतं. बाईंनी सही केली. पण ऑटोत बसल्यावर मला म्हणाल्या, "नाई नाई म्हनते, पन तिच्या कॉम्प्युटरवर दिसनच ना. दिसलं की तोंडावर येते मानसाच्या. मी वाचून घेईन." आणि मी मूर्खासारखी मान हलवली.

रक्त द्यायची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. आदल्या दिवशी हलकं जेवायचं, तेल-तूप नको, आणि रात्रीनंतर पाण्याशिवाय काही नाही, असं कागदावर होतं. आता गंमत पाहा. नेमकी त्याच संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांच्या शेतात रोडग्यांची पंगत होती, मारोतीच्या नवसाची. आमच्या वऱ्हाडात रोडग्याला नाही म्हणणं म्हणजे मारोतीलाच नाही म्हणणं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा हाताने फोडायचा, त्यावर तूप ओतायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. बाई निघतानाच म्हणाल्या, "मी नुसती बसीन. वरनाच्या दोन वाट्या घेईन." आणि बसल्या. आणि खाल्लं. तीन रोडगे खाल्ले, वाढणाऱ्याचा हात धरून तूप ओतून घेतलं. मी कोपर मारलं तर म्हणाल्या, "घरी जाऊन बारा तास मोजू." त्या दिवशी बाई फार खुशीत होत्या. मधू त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता, हनुवटीपर्यंत तुपाने माखलेला.

सकाळी अमरावतीला रक्त दिलं. मॅडमच्या पोरींनी नळी फिरवली. बाईंनी हट्टच धरला की मला माझी नळी पाहायची. मॅडमनी दाखवली.

ताक. अगदी ताकासारखं पांढरं.

बाईंनी नळी खिडकीकडे धरली. लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "हे माह्यं नाई."

मॅडम म्हणाल्या, "काल संध्याकाळी काय जेवलात, बाई?"

"अर्धी भाकर अन् पालक. सात वाजता."

मला आधी वाटलं, झाकताहेत. फौजदाराने झाकलं तसं. म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या झाकत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत रोडगा नव्हता, शेत नव्हतं, काहीच नव्हतं. त्या खरंच अर्धी भाकर आणि पालक खाऊन झोपल्या होत्या.

बाकावरून मधू म्हणाला, "रोडगा."

"चूप रे."

"रोडगा. तूप."

मॅडमनी मधूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईही माझ्याकडे वळल्या. "त्याचं काय ऐकता, त्याले सपन पडलं असंल. हिले विचारा. शांते, सांग यायले, काय खाल्लं मी काल?"

आणि मी म्हटलं, "भाकरच. भाकर अन् पालक."

काहून म्हटलं? इतक्या वर्षांत बाईंना कोणी खोटं पाडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांना खोटं पाडणारी मी निघावं, आणि तेही नळी त्यांच्या हातात असताना, हे माझ्याच्याने झालं नाही. एवढंच. याला कोणी माया म्हणू नये.

बाई एकदम मोकळ्या झाल्या. "पाय, म्हटलं ना मी. लेबल बदललं तुमच्या पोरीयनं. माह्या हाताखाली असत्या तं दोन दिवस नळ्या धुवाले लावलं असतं." मॅडमनी वाद घातला नाही. पुन्हा एकदा रक्त घेऊ म्हणाल्या, पुढच्या वर्षीचं तर घेऊच.

बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना बाईंनी निकाल सांगून टाकला. "विलासले सांगून देतो, एक साल थांब. पुढच्या साली पक्कं रक्त देईन, तवा त्यायलेबी समजन अन् मलेबी. आत्ता कायची घाई? डोकं तं ठनठनीत हाये. पायलं ना, नळी मीच पकडली."

मी फलाटावर गप्प बसले. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. तीन वाट्यांच्या वेळी ज्या बाईने 'मीबी पायलं' म्हटलं होतं, तिने हेही ऐकून घेतलं असतं. रडली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी विलासला बोलावून सही केली असती. तेवढी अक्कल त्यांच्यात तोवर शाबूत होती. माझ्यातच नव्हती.

दोन दिवसांनी मी मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंदाज आलाच होता मला." मग अंदाज आला होता तर बोलल्या काहून नाहीत? म्हणाल्या, "घरच्यांनी सांगणं बरं असतं." मी घरची नव्हते. घरचा एकच होता, आणि त्याने सांगितलं होतं. आणि त्या रक्ताचं काय झालं म्हणाल, तर ते त्यांनी बाद केलं. जेवण चुकलेलं रक्त मोजणीत धरत नाहीत. मान्य आहे, बाईंनीही तेच केलं असतं, लाल पेनाने. पण बाईंबद्दल त्या दवाखान्यात काही खरं कळलं असेल तर ते त्या फेकून दिलेल्या नळीने कळलं होतं. त्याला कसलं मशीन लागलं नाही.

नंतरचं वर्ष बाईंनी वाट पाहण्यात घालवलं. दर आठवड्याला मॅडमना फोन. "रिपोर्ट आला का?" मॅडम दर वेळी तेच सांगायच्या, गोड आवाजात. मग एकाच दिवशी दोन-दोन फोन जाऊ लागले. मग एक दिवस मी गेले तर बाई फोनचा रिसीव्हर उचलावा तसा टीव्हीचा रिमोट कानाला लावून बसल्या होत्या आणि पलीकडून कोणी बोलत नाही म्हणून चिडल्या होत्या. त्याच दिवशी मी विलासला सांगितलं, आता कागद कर, दोन दिवसही थांबू नको.

तो आला. आम्ही बाईंना नोंदणीच्या ऑफिसात नेलं, इस्त्रीची साडी नेसवून. साहेब चांगलेच होते. कागद पुढे ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, सही कशाची करताय, माहीत आहे ना?"

बाई म्हणाल्या, "हो तं. रिपोर्ट मिळाल्याची."

साहेबांनी पुन्हा विचारलं, घर कोणाला देताय? बाई विलासकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे पेशंटचे नातेवाईक हायेत." साहेबांनी कागद हळूच परत सरकवला. डॉक्टरचा दाखला आणा म्हणाले. दाखला कोण देणार होतं? विलास बाहेर येऊन पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ चपलेने मातीत रेघा ओढत राहिला.

पुढचं सांगायला फार नाही. विलासने मावशीला अंजनगावला नेलं, घर न मिळताही नेलं, हे त्याचं मोठेपण. पण दोघांना सांभाळणं त्याच्या बायकोच्याने होईना, आणि तिला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. मधूला अमरावतीच्या एका आश्रमात ठेवलं. अकोल्याच्या घराला कुलूप. ज्या एका गोष्टीसाठी बाईंनी एवढा जीव काढला, तीच तेवढी झाली नाही.

मागच्या पौषात मी मधूला आश्रमातून काढून एसटीने अंजनगावला नेलं, ताई दाखवायला. विलासच्या घरामागे पानमळा आहे. मळ्याच्या सावलीत बाज टाकलेली होती आणि बाई बाजेवर बसल्या होत्या. केस कोणीतरी नीट विंचरलेले. मधू धावत गेला आणि त्यांच्याजवळ बसला. बाईंनी सरकून जागा दिली, पाहुण्याला देतात तशी. दोघं शेजारी शेजारी बसून पानाच्या वेलीकडे पाहत राहिले. चहा आला, दोघांनी बशीतून प्यायला. मी म्हटलं, "बाई, मी शांता." त्या म्हणाल्या, "हो का? बसा ना."

गाडीची वेळ झाली तशी मी मधूला उठवायला गेले. तो उठेना. बाजेची दोरी दोन्ही हातांनी धरून बसला. बाईंनी त्याच्या हातांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "न्या त्याले, बाई. उशीर नोका करू. त्याच्या घरी कोनी वाट पाहत असंल."